घरच्या हवामान केंद्रावरील आकड्यांचा अर्थ

२६ जुलै २००५ रोजीच्या महापुराच्या वेळी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मि.मी. पाऊस पडला, त्याच अवधीत कुलाब्याला मात्र जेमतेम ७३ मि.मी. एकाच शहरातील ही तफावत पाहिल्यावर अनेकांना आपल्या गच्चीवर स्वतंत्र पर्जन्यमापक असावासा वाटतो. उपकरण विकत घेणे सोपे आहे. त्यावरचे आकडे वाचणे तितके सोपे नाही.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. या हिशेबाने त्या दिवशी सांताक्रूझच्या ५० चौरस मीटरच्या गच्चीवर ४७ हजार लिटरहून अधिक पाणी कोसळले. वेधशाळेचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ असा मोजला जातो. घरचे यंत्र मध्यरात्री शून्यावर येत असल्यास दोन्ही आकडे जुळणार नाहीत. दोष यंत्राचा नव्हे. हवामान खात्याच्या वर्गवारीत ६४.५ मि.मी.पासून मुसळधार, ११५.६ पासून अति मुसळधार आणि २०४.५ पासून अत्यंत मुसळधार पाऊस गणला जातो. महसूल खात्याची 'अतिवृष्टी' ही संज्ञा वेगळी असून तिची मर्यादा मंडळात २४ तासांत ६५ मि.मी. आहे.

हवेच्या दाबाबाबत सर्वाधिक घोटाळा होतो. समुद्रसपाटीवर प्रमाण दाब १०१३.२५ हेक्टोपास्कल मानतात. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने तेथे यंत्र ९५०च्या आसपास आकडा दाखवते. नवख्या माणसाला चक्रीवादळ दारात आल्याचा भास व्हावा! यंत्रात आपल्या ठिकाणाची उंची भरली की तो दाब समुद्रसपाटीच्या पातळीवर आणला जातो. एकट्या आकड्यापेक्षा त्यातील घसरण अधिक बोलकी असते.

सापेक्ष आर्द्रताही अशीच फसवी. सकाळी २५ अंशांना ९० टक्के असलेली आर्द्रता, बाष्प तेवढेच राहूनही, दुपारी ३३ अंशांना साधारण ५७ टक्क्यांवर येते. त्यामुळे उकाड्याचा अंदाज घेण्यास दवबिंदू अधिक विश्वासार्ह. या उदाहरणात तो दोन्ही वेळी २३ अंशांच्या घरातच राहतो.

तापमापक सावलीत, हवेशीर जागी, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर असावा. तापलेल्या पत्र्याजवळ टांगलेला तापमापक हवेचे नव्हे, पत्र्याचे तापमान सांगतो. वाऱ्याचा वेग वेधशाळा मोकळ्या जागी दहा मीटर उंचीवर मोजते. इमारतींच्या दाटीतल्या खिडकीतील आकड्याची त्याच्याशी तुलना करण्यात अर्थ नाही.