मौन, संमती आणि वर्गणी : हिशेबपत्रकातील अनोळखी आकारणीची पूर्वपीठिका

क्रेडिट कार्डाच्या मासिक हिशेबपत्रकात एखाद्या अपरिचित नावापुढे लहानशी रक्कम आढळावी, ती दरमहा वसूल होत असल्याचे उशिरा ध्यानी यावे आणि या वर्गणीस आपण संमती केव्हा दिली याचे स्मरण होऊ नये, हा अनुभव आता सार्वत्रिक झाला आहे. त्याचा विचार बहुधा विक्रेत्याची लबाडी किंवा ग्राहकाचा निष्काळजीपणा एवढ्यापुरताच केला जातो. वस्तुतः दोन स्वतंत्र व्यवहारपद्धतींच्या संगमातून ही आकारणी उद्भवली आहे. ग्राहकाचे मौन हीच संमती मानणे, ही पहिली. आणि सहीची पावती हिशेबातून वगळणे, ही दुसरी. या दोहोंचा मागोवा घेणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

मौनाविषयी इंग्रजी कायद्याची भूमिका जुनी आहे. उलट उत्तर न आल्यास ३० पौंड १५ शिलिंगांस घोडा आपला झाला असे समजू, असे एका काकाने आपल्या पुतण्यास लिहिले होते. १८६२ साली फेल्टहाउस विरुद्ध बिंडली या खटल्यात न्यायालयाने निर्णय दिला की, केवळ मौनावरून करार सिद्ध होत नाही. व्यापाराने या तत्त्वातून वाट काढली ती अमेरिकेत. १९२६ मध्ये हॅरी शेरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘बुक ऑफ द मंथ क्लब’ स्थापन केला. प्रारंभी निवडलेले पुस्तक सभासदास परस्पर पाठविले जाई; परंतु पुस्तके मोठ्या प्रमाणात परत येऊ लागली. तेव्हा आगाऊ सूचना पाठवावी, आणि नकाराचे पत्रक मुदतीत न आल्यास पुस्तक रवाना करावे, अशी पद्धत पडली. सभासद होतानाच आपल्या भावी मौनास संमतीचा अर्थ देण्याचे ग्राहक मान्य करी. मौन येथे कराराच्या आतच शिरले.

दुसरा धागा कार्डाचा. सप्टेंबर १९५८ मध्ये बँक ऑफ अमेरिकेने फ्रेझ्नो शहरात सुमारे ६०,००० कार्डे, कोणी मागितली नसताना, टपालाने घरोघर पाठविली. त्या काळी अमेरिकेत हिशेबपत्रकासोबत ग्राहकाने सही केलेल्या पावत्यांच्या प्रती येत. स्वतःची सही समोर असल्याने व्यवहार ओळखणे कठीण नव्हते. पावत्यांचे ढीग हाताळण्याचा खर्च असह्य झाला, तेव्हा १९७० नंतरच्या दशकात बँकांनी त्या बंद केल्या आणि त्यांच्या जागी तारीख, रक्कम व विक्रेत्याचे संक्षिप्त नाव यांची एक ओळ आली. हे नाव पुष्कळदा दुकानाचे नसून मूळ कंपनीचे किंवा पैसे गोळा करणाऱ्या मध्यस्थाचे असते. अनोळखी आकारणीचा जन्म या ओळीत आहे.

कायद्याने दोन्ही धाग्यांची दखल घेतली. १९७० मध्ये अमेरिकेत अशी अनाहूत कार्डे पाठविण्यास बंदी झाली, आणि न मागविता टपालाने आलेला माल भेट समजण्याचा हक्क ग्राहकास मिळाला. १९७३ च्या नियमाने पुस्तकमंडळांच्या सभासदांस नकार कळविण्यासाठी किमान १० दिवस दिले. १९७४ च्या फेअर क्रेडिट बिलिंग ॲक्टने चुकीच्या आकारणीविरुद्ध ६० दिवसांत लेखी हरकत घेण्याचा अधिकार दिला. कार्ड देणाऱ्या संस्थेने ३० दिवसांत पोच द्यावी, जास्तीत जास्त ९० दिवसांत निर्णय करावा आणि तोवर वादग्रस्त रकमेची वसुली करू नये, असे ठरले. मात्र आकारणी हेरण्याचे ओझे ग्राहकावरच राहिले. जो पत्रक वाचीत नाही, त्याला हा अधिकार निरुपयोगी होता.

इंटरनेटवर हे दोन्ही धागे एकत्र विणले गेले. विनामूल्य चाचणीसाठी दिलेला कार्डक्रमांक विक्रेत्यापाशी राहतो, आणि चाचणी संपताच मौनाचे रूपांतर वर्गणीत होते. कार्ड बदलल्यास नवा क्रमांक विक्रेत्यास आपोआप कळविण्याची सोयही कार्डव्यवस्थेत निर्माण झाली. म्हणजे कार्ड रद्द करणे हा वर्गणी थांबविण्याचा खात्रीचा उपाय उरला नाही. २०१० च्या अमेरिकन कायद्याने स्पष्ट संमती व रद्द करण्याचा सोपा मार्ग आवश्यक केला. त्याहून कडक असा २०२४ चा नियम न्यायालयाने कार्यपद्धतीतील दोषामुळे जुलै २०२५ मध्ये रद्दबातल ठरविला.

या पार्श्वभूमीवर भारतीय रिझर्व्ह बँकेची १ ऑक्टोबर २०२१ पासून पूर्णतः अमलात आलेली व्यवस्था लक्षणीय ठरते. वर्गणीच्या नोंदणीवेळी ग्राहकाची अतिरिक्त पडताळणी आणि प्रत्येक वसुलीपूर्वी किमान २४ तास आधी त्यास सूचना, ही तिची मुख्य अंगे. ठराविक मर्यादेपलीकडील रकमेस दर वेळी नव्याने संमती आवश्यक झाली. आरंभी ५,००० रुपये असलेली ही मर्यादा जून २०२२ मध्ये १५,००० रुपये करण्यात आली. सूचनेनंतर गप्प राहिल्यास मर्यादेच्या आतील वसुली होतेच, हे खरे; म्हणजे मौनाचे राज्य पूर्णपणे संपले नाही. तथापि प्रथम बोलण्याचे कर्तव्य कार्ड देणाऱ्या बँकेकडे गेले, हा फरक मूलगामी आहे.

या इतिहासातून निष्पन्न होणारा प्रश्न लहान रकमांचा नाही. दोन पक्षांच्या व्यवहारात आधी कोणी बोलावे, आणि न बोलण्याची किंमत कोणी मोजावी, हा तो प्रश्न आहे. १८६२ साली त्याचे उत्तर एका घोड्यापुरते देता आले. आज ते अनेक वर्गण्यांसाठी दरमहा द्यावे लागते.