बीझली, डिलायला लिओन्टियम

(९ सप्टेंबर १८६७–१८ ऑगस्ट १९३४). अमेरिकन पत्रकार आणि कॅलिफोर्नियातील कृष्णवर्णीयांच्या आद्य इतिहासकार. जन्म ओहायो राज्यातील सिनसिनाटी येथे. जन्मवर्ष काही ठिकाणी १८७१ असेही दिले जाते. शाळकरी वयातच क्लीव्हलँड गॅझेट या कृष्णवर्णीयांच्या पत्रात त्यांचे लेखन येऊ लागले. आईवडिलांच्या निधनानंतर घरकाम आणि पुढे मालिश, शुश्रूषा यांवर त्यांनी पोट भरले. १९१० मध्ये त्या ओकलंडला आल्या.

द नीग्रो ट्रेल ब्लेझर्स ऑफ कॅलिफोर्निया (१९१९) हा त्यांचा एकमेव ग्रंथ. तो त्यांनी पदरमोड करून काढला. त्यासाठी बर्कलीच्या बँक्रॉफ्ट ग्रंथालयातील जुनी वृत्तपत्रे चाळली, काउंटी कचेऱ्यांची दप्तरे पाहिली आणि हयात असलेल्या वृद्धांच्या मुलाखती घेतल्या. १८४९ च्या राज्यघटनेने कॅलिफोर्नियात गुलामगिरीला मनाई केली होती. तरीही मालक गुलामांना सोन्याच्या खाणींवर आणत. फावल्या वेळात सोने धुऊन साठवलेल्या पैशांतून अनेकांनी स्वतःची सुटका विकत घेतली आणि मालकाने लिहून दिलेला कागद काउंटीच्या वहीत नोंदवून घेतला. अशा मुक्तिपत्रांचे मजकूर बीझलींनी ग्रंथात उतरवले आहेत. बिडी मेसन ही गुलाम स्त्री आणि तिच्यासोबतच्या तेरा जणांना टेक्ससला नेण्याचा मालकाचा बेत होता. १८५६ मध्ये लॉस अँजेलिसचे न्यायाधीश बेंजामिन हेझ यांनी त्यांना स्वतंत्र ठरवले. तो निवाडाही येथे वाचायला मिळतो. आर्ची ली या गुलामाच्या सुटकेचा खटला (१८५८) आणि गोऱ्यांविरुद्ध साक्ष देण्याचा १८६३ मध्ये मिळालेला हक्क यांचीही हकीकत त्यांनी दिली आहे.

ग्रंथाची मांडणी विस्कळीत आहे. समकालीनांची चरित्रे गौरवपर आहेत आणि ऐकीव माहिती कागदोपत्री माहितीपासून नेहमी वेगळी काढलेली नाही. प्रशिक्षित इतिहासकारांनी त्यावर टीका केली, ती रास्त आहे. मात्र या विषयाकडे त्या वेळी विद्यापीठांचे लक्ष नव्हते आणि पुढच्या प्रत्येक अभ्यासकाला या पुस्तकापासूनच सुरुवात करावी लागली, हे त्या टीकेइतकेच महत्त्वाचे आहे.

द बर्थ ऑफ ए नेशन या वर्णद्वेषी चित्रपटाच्या निषेधार्थ १९१५ मध्ये त्यांनी ओकलंड ट्रिब्यूनमध्ये लिहिले. १९२३ पासून अखेरपर्यंत त्याच पत्रात कृष्णवर्णीयांच्या घडामोडींचे सदर चालवले. गोऱ्यांच्या मालकीच्या मोठ्या दैनिकात नियमित लिहिणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्रियांत त्यांची गणना होते. वृत्तपत्रांनी कृष्णवर्णीयांसाठी अपमानकारक शब्द वापरू नयेत, असा त्यांचा आग्रह होता. कॅलिफोर्नियाच्या १९३३ च्या झुंडबळीविरोधी कायद्यामागे त्यांचा वाटा असल्याचे सांगितले जाते.

त्या अविवाहित होत्या. सॅन लिआंड्रो येथे त्यांचे निधन झाले. ग्रंथाचे पुनर्मुद्रण १९६९ मध्ये निघाले.