तीन अंशांचा हिशेब

अमेरिकेच्या युद्ध खात्याने २२ फेब्रुवारी १९४४ या तारखेची एक तांत्रिक पुस्तिका काढली. क्रमांक टीएम ९-८०३. विषय विलिस एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यू, म्हणजे आपण जिला नुसते जीप म्हणतो ती पाव टनी गाडी. पुढच्या चाकांचे कोन, टायरमधली हवा, स्टेअरिंगच्या जोडण्या यांचे सगळे आकडे या पुस्तिकेत आहेत. यवतमाळसारख्या जिल्ह्यात पन्नास-साठच्या दशकांत सरकार गावापर्यंत पोचले ते बहुतांशी याच जातीच्या गाडीतून. त्यामुळे ही पुस्तिका मी जिल्ह्याच्या इतिहासाचे साधन म्हणून वाचतो. जुन्या जीपची सर्वांत परिचित तक्रार म्हणजे स्टेअरिंग हलके लागते, गाडी रस्ता धरत नाही. या तक्रारीचे मूळ या आकड्यांतून बरेच उलगडते.

आधी जीप इकडे आली कशी ते पाहू. दुसऱ्या महायुद्धात सुमारे ६ लाख ४० हजार जीप तयार झाल्या. युद्ध संपल्यावर भारतात पडून राहिलेल्या अमेरिकी सामानाचा निकाल १६ मे १९४६च्या भारत-अमेरिका कराराने लागला आणि युद्धातले सामान ‘डिस्पोजल’मधून बाजारात आले. या लष्करी जीपचे स्टेअरिंग डाव्या बाजूला. १९३९च्या मोटार वाहन कायद्याला स्टेअरिंग उजव्या हाताला हवे होते. डावे चालवायचे तर इशारा देणारे यांत्रिक किंवा विजेचे साधन बसवणे भाग होते. दरम्यान मुंबईत माझगावला महिंद्रांनी विलिसचे सुटे भाग आणून जीप जोडायला सुरुवात केली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि गटविकासाच्या कामाला जीप चिकटली ती कायमची.

यवतमाळ तेव्हा नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात होते. १ नोव्हेंबर १९५६ला ते मुंबई राज्यात आले, १ मे १९६०ला महाराष्ट्रात. पुढच्या वर्षी, मार्च १९६१मध्ये, लोकशाही विकेंद्रीकरण समितीने आपला अहवाल दिला. तिचे अध्यक्ष वसंतराव नाईक हे याच जिल्ह्यातले, पुसद तालुक्यातल्या गहुलीचे. १ मे १९६२ला जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या कामाला लागल्या. बीडीओची (गटविकास अधिकाऱ्याची) जीप आणि सभापतीची जीप हे शब्द गावोगाव रुळले ते त्यानंतर.

या जीपला मिळालेली जमीनही लक्षात घ्यायला हवी. वर्धा आणि पैनगंगा या नद्यांच्या खोऱ्यांत काळी कापसाची माती, मधे यवतमाळचे पठार, खाली उतरायला घाट. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. कापसाच्या बैलगाड्यांनी ओल्या मातीत पाडलेल्या चाकोऱ्या वाळल्या की दगडासारख्या होतात. त्यात जीपचे एक चाक चाकोरीत आणि दुसरे वरंब्यावर, अशी अवस्था नित्याची.

आता पुस्तिकेतले आकडे. पुढच्या आणि मागच्या आसांमधले अंतर ८० इंच, चाकांमधली रुंदी ४९ इंच. टायर ६.००-१६, हवा ३५ पौंड. चाकांचा टो-इन, म्हणजे ती पुढून किती आत वळलेली असतात ते माप, ३/६४ ते ३/३२ इंच, कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरून बाहेरचा कल, दीड अंश, किंगपिनचा आतला कल साडेसात अंश, कॅस्टर तीन अंश. ‘हलक्या’ स्टेअरिंगचा उलगडा यांतल्या शेवटच्या आकड्यात आहे.

सायकलचा पुढचा चिमटा तिरपा असतो म्हणून हात सोडले तरी चाक सरळ राहू पाहते. जीपच्या किंगपिनचे, म्हणजे पुढचे चाक ज्या खुंटीभोवती वळते तिचे, वरचे टोक तीन अंश मागे झुकवलेले असते ते त्यासाठीच. हा मागचा कल म्हणजे कॅस्टर. किंगपिनची रेषा खाली वाढवली तर ती टायर जिथे टेकतो त्याच्या थोडी पुढे जमिनीला लागते. चाकाची त्रिज्या सुमारे १४ इंच धरली तर तीन अंशांनी हे अंतर पडते जेमतेम पाऊण इंच. वळणानंतर स्टेअरिंग आपोआप परत येते ते बरेचसे या पाऊण इंचाच्या बळावर. हे अंतर घटले की स्टेअरिंग फिरवायला सोपे जाते. चालकाला आधी बरेच वाटते. पण वेग घेतल्यावर चाकाला मधली जागा सापडत नाही आणि गाडी कधी डावीकडे, कधी उजवीकडे सरकत राहते.

हे अंतर घटते कशाने? ओझे पेलावे म्हणून मागच्या कमानीत एखादा जादा पाटा घालणे हा आपल्याकडचा सर्रास उपाय. समजा त्याने गाडीचा मागचा भाग दोन इंच उचलला. ८० इंचांच्या आसांतरावर दोन इंच म्हणजे जवळपास १.४ अंश. गाडी तेवढी पुढे झुकली आणि तीन अंशांचा कॅस्टर १.६वर आला, पाऊण इंचाचे अंतर अर्ध्यावर. पुढचे पाटे थकून बसले असतील तर आणखी कमी. लांब मोटारीला हेच दोन इंच फार जाणवले नसते. जीप आखूड, म्हणून तिला महाग पडतात. यावरून एक अनुमान काढता येते. अशी जीप माणसांनी भरली की मागून दबते आणि कॅस्टर परत मिळतो; रिकामी परतताना भटकते. ‘भरलेली गाडी नीट जाते, रिकामी ओढते’ असे चालकाने सांगितले तर मिस्तरीने आधी मागचे पाटे मोजावेत. ओझे मागच्या आसाच्याही पलीकडे लादले असेल तर गोष्ट निराळी: तिथे कॅस्टर शाबूत असतो, पण पुढच्या टायरांवरचा भारच उतरतो आणि स्टेअरिंग त्यामुळे हलके पडते.

मूळ रचनेतही एक कमकुवत जागा होती. स्टेअरिंग बॉक्सच्या आर्मपासून ड्रॅग लिंक पुढे जाते, ती बेल क्रँक या मधल्या फिरत्या तुकड्याला फिरवते आणि बेल क्रँकपासून दोन टायरॉड दोन चाकांकडे जातात. चालकाचा प्रत्येक हुकूम या एका सांध्यातून जातो. तो झिजला की दोन्ही चाके एकदम मोकळी होतात. धुळीच्या वाटांवर, ग्रीस वेळेवर न मिळता, हा सांधा झिजणारच. शिवाय बॉक्स चासीवर आणि चाके कमानींवर. खड्ड्यात आस खालीवर झाला की जोडदांड्या आपापल्या वर्तुळखंडात फिरतात आणि कोणी स्टेअरिंगचे चक्र न फिरवता चाक किंचित वळते. याचा थोडा अंश नव्या जीपमध्येही होता. गाडी स्थिर राहावी म्हणून पुढच्या डाव्या कमानीला एक खास जादा स्प्रिंग कारखान्यातूनच दिली होती. म्हणजे या उणिवेची जाणीव आखणी करणाऱ्यांनाही होती असे मी समजतो.

आता बॉक्स. रॉस कंपनीचा, कॅम आणि लीव्हर पद्धतीचा, गुणोत्तर १४-१२-१४. त्याच्या कॅमची खाच मध्यभागी मुद्दाम उथळ कापलेली असते, म्हणजे चाके सरळ असताना प्ले, अर्थात मोकळी हालचाल, सर्वांत कमी राहतो. म्हणून बाजूचा स्क्रू चाके सरळ ठेवूनच आवळायचा. वळवलेल्या स्थितीत जाणवणारा थोडा ढिलेपणा हा दोष मानायचा नाही. हे ठाऊक नसलेला माणूस चाके वळवून प्ले तपासतो, तिथे स्क्रू आवळतो, आणि सरळ स्थितीत बॉक्स जाम बसतो. जाम बॉक्स चाकांना मधे परत येऊ देत नाही. चालकाला दिशा सतत सुधारावी लागते आणि गाडी पहिल्याहून जास्त भटकते. सारा दोष बॉक्सच्या माथी मारला जातो तो बहुधा असाच. हातात असते चक्र, चक्राखाली दिसतो बॉक्स, आणि स्क्रू तिथेच आहे.

म्हणून तपासणीची सुरुवात जमिनीपासून व्हायला हवी. पहिली टायरची हवा: चिखलात पकड मिळावी म्हणून कमी केलेली हवा डांबरी रस्त्यावर आल्यावर परत भरली नाही तर टायरच्या भिंती वाकतात आणि चाक उशिरा ऐकते, उलट पुढे हवा जास्त झाली तर स्टेअरिंग हलके होते. मग पुढचे चाक जॅकवर घेऊन वर-खाली धरून हलवायचे. दुसऱ्याने ब्रेक दाबल्यावर प्ले नाहीसा झाला तर तो चाकाच्या बेअरिंगचा. राहिला तर किंगपिनचा, आणि तिथे शिम (पातळ चकत्या) कमी करून बेअरिंग घट्ट करता येते. त्यानंतर एकाने चक्र थोडे डावी-उजवीकडे हलवावे आणि दुसऱ्याने गाडीखाली झोपून पाहावे, की हालचाल कुठवर पोचते आणि कुठे हरवते. जुन्या जीपमध्ये ती बेल क्रँकपाशी हरवण्याची शक्यता मोठी. सांधे घट्ट झाल्याशिवाय टो-इन मोजण्यात अर्थ नाही, कारण मापातली सूटच ३/६४ इंचाची, सव्वा मिलिमीटरहूनही कमी. मग पाटे आणि कॅस्टर. बॉक्सचा स्क्रू सगळ्यांत शेवटी.

युद्धानंतरच्या नागरी जीपमध्येही विलिसने बेल क्रँक ठेवली. अमेरिकेतल्या सीजे-५ या नागरी जीपमधून ती गेली १९७२च्या मॉडेलमध्ये, जेव्हा पुढचा आस आणि स्टेअरिंग बॉक्स दोन्ही बदलले आणि बॉक्सची ओढ मधल्या सांध्याशिवाय चाकांकडे नेली गेली. यवतमाळ जिल्हा परिषद तेव्हा दहा वर्षांची झाली होती.