आरीचा प्रवास

वर्धा शहराला लागून असलेल्या बोरगांव मेघे येथून मगन संग्रहालय फार दूर नाहीं. ३० डिसेंबर १९३८ रोजीं महात्मा गांधींच्या हस्तें तें उघडलें. ग्रामोद्योगांचीं साधनें तेथें पाहतांना एक साधा प्रश्न मनांत येतो : ही वस्तु कोणाच्या हातची? तोच प्रश्न आज एका निराळ्या वस्तूस, पॅरिसच्या उंची पोशाखांवरील भरतकामास, विचारून पाहूं.

या भरतकामाचें एक मुख्य हत्यार म्हणजे आरी. मूळ ती मोच्याची. तिच्या टोंकाला बारीक आंकडा ठेवून कच्छ-गुजरातेंतील मोची कारागिरांनीं चामड्यावर, पुढें रेशमावर, सांखळी टांका भरला. कापड लांकडी अड्ड्यावर ताणावयाचें, धागा खालीं धरावयाचा आणि आरी वरून खुपसून त्याचा फांस वर ओढावयाचा. सुईपेक्षां हें काम पुष्कळच जलद होतें. अठराव्या शतकांत पूर्वेकडील ही रीत युरोपांत पोंचली. गोल चौकटीवरून तिला तिकडे ‘तांबूर’, म्हणजे ढोलकी, असें नांव पडलें. एकोणिसाव्या शतकांत फ्रान्समधील ल्युनेव्हिल येथें त्याच आंकड्यानें मणी व टिकल्या बसविण्याची युक्ति निघाली, आणि पॅरिसच्या पोशाखकारांस ती वरदान ठरली.

पॅरिसच्या या कलेचा पूर्वेशीं एक संस्मरणीय मेळ १९६० सालीं पडला. थायलंडच्या राणी सिरिकित युरोप-अमेरिकेच्या दौऱ्यास निघाल्या. त्यांचे पोशाख पिएर बाल्मां यांनीं बेतले, भरतकाम लेसाज यांच्या पेढीनें केलें. थाई रेशमावर पॅरिसचे टांके पडले. राणी तेवढ्यावर थांबल्या नाहींत. १९७६ सालीं त्यांनीं खेड्यांतील कारागिरांसाठीं प्रतिष्ठान उभारिलें आणि दरबारी वस्त्राची वाट खेड्यांतल्या मागापर्यंत नेली. २०२५ सालीं त्या निवर्तल्या. तें काम त्यांच्या नांवाशीं जोडलेलें राहिलें.

आरी मात्र फिरून घरीं आली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत परदेशी पेढ्यांचें भरतकाम मुंबईंत होऊं लागलें. पातळ कागदावरील नक्षीच्या रेषांवर टांचणीनें छिद्रें पाडतात. हा खाका कापडावर ठेवून वरून रॉकेलांत कालविलेली पूड पुसली, कीं नक्षी उमटते. मग चारसहा कारागीर एका अड्ड्याभोंवतीं बसतात. ल्युनेव्हिलचा कारागीर मणी भरतांना कापडाची उलट बाजू समोर ठेवतो, आमचा सुलट. मणी कोठें पडला हें त्याला तत्काळ दिसतें. पोशाखावर नांव मात्र पेढीचें!

कधीं कधीं पडदा दूर होतो. ३० मार्च २०२३ रोजीं दिओर पेढीनें गेट वे ऑफ इंडियापुढें आपले पोशाख मांडले, तेव्हां मुंबईच्या चाणक्य या भरतशाळेच्या हातचें भव्य तोरण जगानें पाहिलें. त्याच संस्थेच्या विद्यालयांत, पुरुषांच्याच हातीं राहिलेली ही विद्या स्त्रियाही शिकतात.

याउलट जून २०२५ मध्यें मिलान येथें प्राडा पेढीनें कोल्हापुरीसारख्या वहाणा मिरविल्या, पण कोल्हापूरचें नांव घेतलें नाहीं. त्या चपलेस २०१९ सालींच भौगोलिक मानांकन मिळालें होतें. महाराष्ट्रांतून आक्षेप निघाला, तेव्हां पेढीनें मूळ मान्य केलें. अड्ड्यावरील कारागिराला असा एका गांवाचा आधार नाहीं. तो बंगाल, बिहार वा उत्तर प्रदेशांतून आलेला. नक्षी परदेशची, विद्या कच्छची, पोट मुंबईचें. त्याच्या बाजूनें बोलावें कोणी?

दुसऱ्याच्या कलेपासून स्फूर्ति घेण्यांत दोष नाहीं. आरीनें देशांच्या सीमा मानल्या असत्या, तर ही कथाच घडली नसती. परंतु स्फूर्ति आणि उचलेगिरी यांमधील रेघ नांव आणि दाम या दोहोंनीं आंखली जाते. आपल्या घरीं लग्नाचें भरजरी पोलकें येईल, तेव्हां दुकानदारास एवढेंच विचारावें : हें भरलें कोणी, आणि त्याच्या पदरीं काय पडलें?