रेडीचा गड आणि दुबईचा झेंडा

मी सध्या इंग्लंडमध्ये राहतो. घाबरू नका, व्हिसा दुबईचाच आहे! इंटरनॅशनल सिटी नावाच्या आमच्या वसाहतीत इमारतींच्या गटांना देशांची नावं दिली आहेत: चीन, फ्रान्स, स्पेन, रशिया, पर्शिया वगैरे. त्यातलं इंग्लंड आमच्या वाट्याला आलं, कारण भाडं परवडलं. राहणारे बघाल तर मल्याळी, पंजाबी, पेशावरी, बंगाली, फिलिपिनो. 'इंडिया' नावाचा गट मात्र नाही.

परवा एका वयस्कर अमिराती गृहस्थांना रस्ता विचारला. त्यांनी हात पुढे करून 'सीदा, सीदा' सांगितलं. मला वाटलं, माझ्यासाठी हिंदी बोलताहेत. ऑफिसातल्या अमिराती सहकाऱ्याने हसून सांगितलं की हा त्यांच्या बोलीतलाच शब्द आहे. आपला 'सीधा' इथे पोचला कसा, हे शोधायला बसलो आणि थेट माझ्या वेंगुर्ले तालुक्यात येऊन थडकलो.

१८१९ च्या सुरुवातीला मुंबई सरकारची फौज सावंतवाडी संस्थानावर चालून आली आणि तिने रेडीचा यशवंतगड घेतला. सेनापती सर विल्यम ग्रँट कीर. त्याच वर्षी डिसेंबरात हाच कीर मुंबईहून आरमार घेऊन रास अल-खैमावर आला आणि कासिमींचं ते बंदर त्याने उद्ध्वस्त केलं. आरोप चाचेगिरीचा. (आंग्र्यांनाही इंग्रज चाचेच म्हणत, हे आपल्याला ठाऊक आहेच.) शारजाचे शासक सुलतान बिन मुहम्मद अल-कासिमी यांनी १९८६ मध्ये एक अख्खं पुस्तक लिहून हा आरोप खोडून काढला. कंपनीला आखातातला व्यापार हवा होता, असं त्यांचं म्हणणं. मला ते बरंचसं पटतं, पण मी पडलो कोकणी माणूस, तेव्हा निःपक्षपाती नाही.

हे फोनवर बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "अरे, म्हणजे आपलो रेडीचो गड घेतल्यान तोच हो?"

तोच. जानेवारी १८२० मध्ये त्याने इथल्या शेखांशी तह केला. त्यातलं तिसरं कलम झेंड्याचं आहे: तह मान्य करणाऱ्या अरबांनी लाल-पांढरा झेंडा लावावा. आज दुबईचा आणि अजमानचा झेंडा लाल, काठीकडे पांढरी पट्टी. शारजा आणि रास अल-खैमाचा पांढऱ्या चौकटीत लाल. परक्या सेनापतीने घातलेली अट दोनशे वर्षांत स्वतःची ओळख होऊन बसते!

पुढे १८७३ पर्यंत आखाताचा कारभार मुंबई सरकारकडे होता, मग १९४७ पर्यंत हिंदुस्थान सरकारकडे. चलन रुपयाच. इथे रुपये देऊन सोनं घ्यायचं आणि ते भारतात चोरून आणायचं, असा धंदा फोफावला, तेव्हा १९५९ मध्ये आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या, क्रमांकाआधी 'झेड' अक्षर घालून. ६ जून १९६६ ला आपण अवमूल्यन केलं, डॉलर ४.७६ वरून ७.५० रुपयांवर गेला. दिल्लीत निर्णय झाला आणि दुबईच्या व्यापाऱ्याची तिजोरी एका रात्रीत हलकी झाली. त्याच वर्षी दुबईने रुपया सोडला. दिरहम आला १९७३ मध्ये.

आता राष्ट्राचं बघा. जानेवारी १९६८ मध्ये ब्रिटनने जाहीर केलं की आम्ही १९७१ अखेर जाणार. नऊ शेख एकत्र बसले. भाषा एक, धर्म एक. तरी बहारीन आणि कतार वेगळे झाले. २ डिसेंबर १९७१ ला सहाच जण संघराज्यात होते, रास अल-खैमा फेब्रुवारी १९७२ मध्ये आलं. संविधान 'तात्पुरतं' म्हणून केलं, ते कायम व्हायला १९९६ उजाडलं.

जर्मनीत डॉक्टरेट करताना मला 'एक भाषा, एक राष्ट्र' हे समीकरण फार पटलं होतं. (ऑस्ट्रियाचा विचार केला नव्हता.) आपणही १०५ हुतात्मे देऊन १९६० मध्ये मराठी राज्य मिळवलं. ते मिळायलाच हवं होतं, याबद्दल मला शंका नाही. पण मराठी एकच असूनही विदर्भाची तक्रार मिटली नाही, आणि भाषा निराळी म्हणून बेळगावचीही नाही.

आणि इंग्रजी? गोरा साहेब १९७१ ला गेला. पण दुबईच्या वित्तीय केंद्रातली न्यायालयं या शतकात स्थापन झाली, ती इंग्रजीत आणि इंग्लिश धर्तीच्या कायद्यावर चालतात. स्वखुशीने! अबुधाबीने २०१९ मध्ये अरबी आणि इंग्रजीच्या जोडीला हिंदीला न्यायालयात स्थान दिलं, मजुरांना आपला दावा निदान समजावा म्हणून. हा निर्णय मला सगळ्यात शहाणा वाटतो.

माझं म्हणाल तर घरी मालवणी, शाळेत प्रमाण मराठी, प्रबंध इंग्रजीत. त्या प्रबंधात काय आहे हे बाबांना त्यांच्या भाषेत मला आजतागायत सांगता आलेलं नाही. दोनदा प्रयत्न केला. दुसऱ्यांदा त्यांनीच विषय बदलला, पावसाचं विचारलं.

मुलगी दुसरीत आहे. अरबी सक्तीची, ती छान लिहिते. मराठी समजते, वाचता येत नाही. २ डिसेंबरसाठी शाळेने सातही अमिरातींचे झेंडे रंगवायला दिले होते. दुबईचा लाल रंगवताना तिने विचारलं, ही पांढरी पट्टी कशाला? मी कीरची गोष्ट सुरू केली, मराठीत. 'तह' या शब्दाशी अडलो. ती म्हणाली, "बाबा, इंग्लिशमध्ये सांगा ना."

सांगितली. मग तिच्या आजोबांना फोन लावून दिला, रेडीचा भाग त्यांनी सांगावा म्हणून.