वाटणीची गोष्ट

वाशीमला राजधानीचा मान मिळाला तोच मुळी एका घराण्याच्या वाटणीतून. पहिल्या प्रवरसेनानंतर वाकाटकांचं राज्य फुटलं. मुलगा सर्वसेन वत्सगुल्मात, म्हणजे आजच्या वाशीमात बसला. मुख्य शाखा नातू रुद्रसेनाकडे राहिली.

मराठी सिनेमा रमला तो मात्र साध्या घरांतल्या भांडणांत. १९३७ च्या ‘कुंकू’त व्ही. शांतारामांनी उतारवयात पुन्हा बोहल्यावर चढलेला विधुर दाखवला. त्याचा वाढलेला मुलगा कोवळ्या सावत्र आईवरच वाईट नजर ठेवतो. समाजकार्यात रमलेली मुलगी मात्र तिची बाजू घेते. ही भूमिका शकुंतला परांजप्यांची. त्या काळी एवढं पडद्यावर दाखवणं म्हणजे धाडसच!

पुढे २०१६ मध्ये ‘नटसम्राट’ पडद्यावर आला. तिथे लेकीच्याच घरी बापावर चोरीचा आळ येतो.

वाशीमकरांना जवळचा वाटावा असा वाडा मात्र रंगभूमीवर आहे. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचे महेश एलकुंचवार यांचं ‘वाडा चिरेबंदी’ १९८५ मध्ये रंगमंचावर आलं. बाप गेलेला, मुंबईचा मुलगा घरी आलेला, तेराव्याच्या खर्चाचा घोर. आणि अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर.