उच्च रक्तदाब

उच्च रक्तदाब : रोहिण्यांमधील रक्ताचा दाब सतत प्रमाणाबाहेर राहण्याची अवस्था. बोलीभाषेत ‘बीपी’. दाब दोन आकड्यांत सांगतात. हृदय आकुंचन पावताना भरतो तो वरचा, सैलावताना उरतो तो खालचा. वेगवेगळ्या दिवशी दवाखान्यात मोजलेला दाब १४०/९० मिमी पारा किंवा त्याहून अधिक भरला, तर भारतात उच्च रक्तदाबाचे निदान केले जाते. दोहोंपैकी एकच आकडा वाढलेला असला तरी ते पुरेसे असते. अमेरिकी हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१७ मध्ये ही रेषा १३०/८० वर आणली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातील १५ वर्षांवरील २४ टक्के पुरुष आणि २१ टक्के स्त्रिया उच्च रक्तदाबाच्या आढळल्या.

या विकाराला बहुधा लक्षणेच नसतात. डोके दुखले, चक्कर आली, घाम सुटला म्हणजे बीपी वाढले, असा घरोघरी समज आहे. त्याची दुसरी बाजू अधिक घातक ठरते : काहीच होत नाही, म्हणजे बीपी नाही. रागीट माणसालाच हा आजार होतो, हेही खरे नाही. रागाने दाब तेवढ्यापुरता चढतो आणि उतरतो. अत्यंत शांत स्वभावाच्या माणसाचा दाब मात्र वर्षानुवर्षे चढलेला राहू शकतो. त्या काळात रोहिण्यांच्या भिंती ताठर होतात, हृदयाचा डावा कप्पा जाड होतो, मूत्रपिंडे आणि डोळ्यांचे पडदे झिजत जातात. सुमारे दहा लाख लोकांच्या माहितीवर आधारलेल्या २००२ च्या एका विश्लेषणानुसार ४० ते ६९ या वयात ११५/७५ पासून पुढे वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने वाढला, की पक्षाघात व हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका साधारण दुप्पट होतो.

अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात वारंवार सांगितले जाते. मार्च १९४४ मध्ये डॉ. हॉवर्ड ब्रून यांनी त्यांना तपासले, तेव्हा दाब १८६/१०८ होता आणि हृदय थकलेले होते. त्या काळी प्रभावी औषध नव्हते. विश्रांती, कमी मीठ, डिजिटॅलिस एवढाच उपाय. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले. त्या दुपारी दाब ३०० च्या वर मोजला गेला होता.

औषधांच्या शोधात मुंबईचा वाटा मोठा आहे, आणि तो मराठी वाचकांना जेवढा माहीत असायला हवा तेवढा नाही. आयुर्वेदात वापरली जाणारी सर्पगंधा दाबही उतरवते, असे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये लिहिले होते. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी तिचा पद्धतशीर वापर करून ५० रुग्णांवरील निष्कर्ष १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केले आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष या मुळीकडे वळले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीच्या संशोधकांनी तिच्यातून रेसर्पिन वेगळे केले. डॉ. वकिलांना १९५७ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला. पुढे अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झालेल्या चाचणीत रेसर्पिनसह तीन औषधे एकत्र दिली गेली. १९६७ मध्ये तिचे निष्कर्ष आले. खालचा आकडा ११५ ते १२९ असलेल्या १४३ पुरुषांपैकी ज्यांना नुसत्या साखरेच्या गोळ्या दिल्या, त्यांच्यातील २७ जणांना गंभीर विकार झाले; औषध घेणाऱ्यांत फक्त दोघांना. वाढलेला दाब औषधाने उतरवला तर माणसे वाचतात, याचा तो पहिला ठोस पुरावा. रेसर्पिनमुळे काही रुग्णांना खिन्नता येई, म्हणून चांगले पर्याय आल्यावर ते मागे पडले.

मोजमाप हा उपचाराचाच भाग आहे. घाईने घेतलेला आकडा फसवा असतो. जिना चढून आलेल्या रुग्णाला खुर्चीत बसवून, बोलता बोलता, बाहीवरच पट्टा गुंडाळून दाब घेतला की तो वाढलेला दिसणारच. आधी अर्धा तास चहा, कॉफी आणि तंबाखू वर्ज्य. लघवी करून यावे. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटे शांत बसावे. दंड उघडा, हात टेबलावर हृदयाच्या पातळीला, आणि बोलणे बंद. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर आकडा खोटाच वर जातो. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजावे. पहिल्या भेटीत दोन्ही हातांचा दाब घ्यावा आणि पुढे जास्त भरणारा हात धरावा. काहींचा दाब डॉक्टरांसमोरच चढतो, काहींचा उलट घरी. म्हणून घरच्या नोंदी मोलाच्या. तिथे १३५/८५ ही मर्यादा मानतात. मनगटी यंत्रापेक्षा दंडाचे यंत्र भरवशाचे.

दहातल्या नऊ रुग्णांत एकच एक कारण सापडत नाही : आनुवंशिकता, वय, वजन, मीठ, मद्य, बैठी जीवनशैली असे अनेक घटक मिळून दाब वाढवतात. उरलेल्यांत मूत्रपिंडाचे विकार, अधिवृक्क ग्रंथीचे आजार, झोपेत श्वास अडखळणे अशी कारणे निघतात. सांधेदुखीवर सर्रास घेतल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्या, स्टेरॉइड आणि खोकल्यासाठी रोज चघळलेला ज्येष्ठमधही दाब वाढवतो, हे डॉक्टरांनी विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने मिठाची मर्यादा दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे एक लहान चमचा ठरवली आहे. भाजी-आमटीतले मीठ, ताटातले लोणचे, पापड, फरसाण, सुकी मासळी हे सारे त्यात धरायचे. सैंधव चालते, हा समज चुकीचा. तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. चीनमधील ६०० गावांत सुमारे २१ हजार लोकांवर झालेल्या २०२१ च्या अभ्यासात मिठाचा एक चतुर्थांश भाग पोटॅशियम क्लोराइडने बदलला, तेव्हा पक्षाघात १४ टक्क्यांनी घटले. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी मात्र असे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

आज ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन यांसारखी स्वस्त औषधे सहज मिळतात. तरी सर्वाधिक नुकसान होते ते गोळी सोडल्याने. तपासणीत १२८/७८ दिसले की ‘आता बीपी नॉर्मल आहे’ म्हणून गोळी बंद होते. तो आकडा गोळीमुळेच तसा असतो. एकदा सुरू केली की सवय लागते, ही भीतीही निराधार आहे. ॲम्लोडिपिनने पावलांना सूज आली किंवा एनालॅप्रिलने कोरडा खोकला लागला, तर डॉक्टर औषध बदलून देतात. काहींचे वजन घटल्यावर मात्राही कमी होते. मेटोप्रोलॉलसारखी काही औषधे एकाएकी थांबवली तर दाब उसळतो.

नोव्हेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाने नेमके हेच गळणारे रुग्ण धरले. सुरुवातीच्या जिल्ह्यांत महाराष्ट्रातील सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा होते. सर्व केंद्रांत एकच ठरावीक औषधक्रम, गोळ्यांचा अखंड पुरवठा, परिचारिकेकडून मोजमाप आणि तारखेला न आलेल्या रुग्णाचा पाठपुरावा, एवढीच त्याची पद्धत. २०२२ मध्ये त्याला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला.

१८०/१२० च्या वर दाब गेला आणि सोबत छातीत दुखणे, धाप, बोबडी वळणे, एका बाजूची शक्ती जाणे किंवा अंधुक दिसणे असे काही असेल, तर घरी जास्तीची गोळी देऊन वाट पाहू नये. थेट रुग्णालय गाठावे. गरोदरपणी विसाव्या आठवड्यानंतर १४०/९० भरलेला दाबही त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावा लागतो.